पाठीमागच्या निऱ्या

नवरीच्या काकांनी सांगितलं म्हणून मी केलं, हे माझं कुणीच खरं मानलं नाही. नवरीच्या आईनं नाही, मांडववाल्यानं नाही, आणि ज्यांच्या हाताखाली मी एकोणीस वर्षं काढली त्या बाईंनीही नाही. सांगून सांगून तोंड दुखलं. आता एकदाच लिहून टाकते. मग ज्याला जे मानायचं ते मानू दे.

एकदा एक वृद्ध स्त्री होती. लग्नाकार्यात माणसांना वस्त्र नेसवणं हा तिचा व्यवसाय. नऊवारी असो, धोतर असो, तिच्या हातचं वस्त्र दिवसभर जागचं हलत नसे. सगळे तिला बाई म्हणत. तिची एक शिष्या होती. चौथी पास, हाताची चलाख, तोंडाची तिखट. ती शिष्या म्हणजे मीच, लपवून काय करायचं.

आमच्या गावच्या एका मुलीचं लग्न स्कॉटलंडच्या मुलाशी झालं. सकाळी विधी आटोपले आणि दुपारी लॉनवर स्वागतसमारंभ होता, कोट-टायवाल्या पाहुण्यांचा. पहाटेपासून मी तेवीस बायका नेसवल्या होत्या. पोटऱ्यांत गोळे आले होते. तेवढ्यात नवरीचे काका नवऱ्या मुलाला घेऊन खोलीत आले.

मुलाच्या अंगात काळा कोट, गळ्यात टाय, आणि कमरेपासून गुडघ्यापर्यंत चौकटीचं जाड लोकरी वस्त्र. पुढून सपाट, पाठीमागं दाट निऱ्या. त्याला किल्ट म्हणतात. त्यांच्याकडचं ते मानाचं वस्त्र. मुलाचे वडील स्वतःच्या लग्नात हेच नेसले होते. वडील आता नाहीत. आई चाकाच्या खुर्चीत बसून एवढ्या लांबून आली होती, ती लेकाला त्या वस्त्रात बघायला.

काका म्हणाले, "ताई, जावई घागरा घालून उभा राहिला तर गाव काय म्हणेल? निऱ्या तरी पुढं घ्या. जरा धोतरासारखं दिसेल."

मला ते पटलं. निऱ्या पुढंच असतात, मागं जातो तो काष्टा. जन्मात कधी पाठीमागं निऱ्या बघितल्या नव्हत्या. पट्टे सोडले, वस्त्र फिरवलं, निऱ्या पुढं आणल्या आणि त्यावर त्याची कमरेला पुढं बांधायची चामड्याची पिशवी लोंबती सोडली. मुलगा मान लववून गेला.

बाहेर मांडवात मग जे व्हायचं ते झालं. पिशवी निऱ्यांवर बसेना. मागची सपाट बाजू पंख्याच्या वाऱ्यानं उडायला लागली, तो एका हातानं ती धरून उभा. कुणी म्हणालं, "बँडवाला स्टेजवर कसा चढला?" दुसरा म्हणाला, "सबुरीनं घे, अजून वाजवायचंय त्याला." लोक हसले. तोही हसला, त्याला वाटलं कौतुक चाललंय. एवढ्यात त्याच्या आईची खुर्ची मांडवात आली. तिनं लेकाला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि मान खाली घातली. परत वर केलीच नाही.

बाई कोपऱ्यात बसून सगळं बघत होत्या. त्यांनी मला खोलीत बोलावलं. म्हणाल्या, "पोरी, तुझं लुगडं सुटलंय. ये, नेसवते."

सुटलं नव्हतं. पण बाईंना उलटं बोलायची रीत नाही. त्यांनी माझ्या निऱ्या सोडल्या, पुन्हा घातल्या, आणि चक्क पाठीमागं खोचल्या. मी हात मागं नेला, तर त्यांनी बोटांवर चापट मारली. "गप उभी राहा. आता ओटीचं ताट मांडवात देऊन ये."

गेले. चालताना पुढं ताणायचं, मागं बोंगा. बायका पदर तोंडाला लावून हसल्या. एक तर म्हणाली, "उलट्या पायांची आली गं." ताट कसंबसं ठेवलं आणि परत येऊन बाईंवर तणतणले, "माझ्याच गावात माझं हसं का केलंत?"

बाई दमल्या होत्या. सत्त्याहत्तर वय. भिंतीला टेकून शांतपणे म्हणाल्या,

"तू का गेलीस मग? मी नेसवलं म्हणून. जो नेसवून घेतो, त्याला स्वतःची पाठ दिसत नाही. तो ती नेसवणाऱ्याच्या हाती देतो. तुझ्या पाठीला निदान हे गाव ओळखीचं आहे. त्या पोराला इथं कोण आहे? त्याला वाटलं, बायकोच्या माणसांची हीच रीत असेल, म्हणून बापाचं वस्त्र उलटं नेसून तो चारचौघांत उभा राहिला."

"मला काकांनी सांगितलं."

"काकांचं मी विचारलं नाही. निऱ्या पुढं घेतल्यास, तेव्हा त्या पोरानं हात मागं नेला होता की नाही?"

आत्तापर्यंत हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. नेला होता. दोनदा नेला होता. कमरेमागं हात लावून काहीतरी सांगत होता बिचारा. आणि मी त्याच्या बोटांवर चापट मारली होती.

मी माझ्या निऱ्या पुढं घेतल्या आणि गुमान मांडवात गेले. मुलाला खुणेनं आत बोलावलं, खुर्ची ढकलत त्याच्या आईलाही आणलं. पट्टे सोडून वस्त्र फिरवलं. सपाट बाजू पुढं, निऱ्या मागं. तेव्हा त्याच्या म्हाताऱ्या आईनं हात लांब केला आणि एकेक निरी बोटांनी सारखी केली.  तसा हात मी नेसवणाऱ्या बाईचाच बघितलाय.

मग तिनं पाठोपाठ आलेल्या सुनेला, आमच्या नवरीला, काहीतरी विचारलं. सून म्हणाली, "त्या विचारताहेत, हे उलटं कुणी नेसवलं होतं?"

दारातून काका लगेच म्हणाले, "त्याचं त्यानंच घातलं असेल घाईत."

 सुनेनं काकांचं म्हणणं सांगायला तोंड उघडलं. मी तिला हातानं थांबवलं. म्हातारीची भाषा मला येत नव्हती, तिला माझी येत नव्हती. खुर्चीपुढं खाली बसले, छातीवर हात ठेवला आणि एवढंच म्हणाले,

"मालन."