म्हाताऱ्या पंख्याची घरघर

एका झेरॉक्सच्या दुकानात, संगणकाच्या पेटीत, एके काळी एक राज्य नांदत होतं. पण त्याचा राजा, म्हणजे सगळा कारभार हाकणारी ऑपरेटिंग सिस्टीम, काम करता करता एकाएकी निळा पडायचा आणि कोसळायचा.

"हा म्हातारा पंखा सारखा घरघरतो, त्याचंच हे काम! टाका भंगारात!" सगळे ओरडले. सगळ्यांत पुढे नवाकोरा ड्रायव्हर. राजाचा हुकूम प्रिंटरला समजावून सांगणारा तो दुभाष्या.

पंखा म्हणाला, "जातो मी. पण आधी एकेकानं घटकाभर काम थांबवून गप्प बसून बघा की रे, राजा कुणामुळे पडतो ते कळेल."

माउस गप्प बसला, राजा कोसळला. कीबोर्ड गप्प बसला, तरी कोसळला. ड्रायव्हर फणकारला, "मी तर परवाच आलोय! माझ्यात कसला दोष?"

"राजाचं दुखणंही परवापासूनचंच आहे, बाळा."

ड्रायव्हर गप्प बसला, आणि राजा संध्याकाळपर्यंत ताठ उभा राहिला. मग जुन्या ड्रायव्हरला बोलावणं गेलं. प्रिंटरमधून कागद सरसरत बाहेर आला, राजा पडला नाही, तेव्हा कुठे साऱ्या पेटीचा जीव भांड्यात पडला.

त्या शांततेत पुन्हा घरघर ऐकू आली. पंखा ओशाळून हळू फिरू लागला.

"आजोबा, फिरा हो मोठ्यानं," राजा म्हणाला. "तो आवाज आला की वाटतं, घरात कुणीतरी जागं आहे."