मधलीवरची वाकडी वाट

मिठगोळ बंदरातून होडीत बसलात की पाऊण तासात तीन बेटं समोर येतात. थोरली, मधली आणि धाकटी. होडी लागते ती धाकटीच्या पुळणीवर. तिथून ओहोटीच्या वेळी उघड्या पडलेल्या कातळांवरून मधलीवर जायचं, मधली ओलांडून थोरलीचा कडा गाठायचा आणि भरती लागायच्या आत परतायचं. पाखरांच्या विणीच्या दिवसांत वनखातं ही वाट बंद ठेवतं. एरवी दहा-दहा माणसांची रांग सोडतात.

मधली म्हणजे तळहातासारखी सपाट. या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ गेलात तर चारशे पावलं. पण शिंपले रोवून आखलेली वाट अशी काही वळत, मुरडत, मागे येत जाते की हजारावर पावलं पडतात. ना मध्ये झाड, ना दरड, ना डबकं. गेल्या साली पुण्याचे एक इंजिनिअर माझ्या दुकानात कोकम सरबत घेता घेता म्हणाले, "शेठ, ही वाट आखणारा प्यायलेला होता का हो?"

मी म्हटलं, "साहेब, प्यायला मिळालं असतं तर वाट वाकडी झालीच नसती. बसा, दुसरा ग्लास भरतो."

त्यांना सांगितलं तेच तुम्हाला सांगतो. मी ते आमच्याकडच्या म्हाताऱ्यांकडून ऐकलेलं आहे.

समुद्रावर चांच्यांचं भय होतं त्या काळातली ही गोष्ट. धोंडो तांडेल हा मिठगोळचा मोठा नाखवा. भाचीचं लग्न उरकून वैशाखात आपल्या मचव्यातून तो घरी परतत होता. मचव्यात अकरा माणसं. त्यांत त्याची सून आवडू आणि तिची पाच महिन्यांची मुलगी. पहाटे वारा फिरला आणि मचवा थोरलीच्या खडकावर आपटून फुटला. माणसं वर चढली, वाचली. पाण्याचे हंडे मात्र मचव्याबरोबर गेले.

थोरलीला चारी बाजूंनी कडा. तिला होडी लागत नाही आणि तिच्यावर गोड्या पाण्याचा थेंब नाही. पाण्याचा झरा धाकटीवर, होडी लागायची जागाही धाकटीवर. आणि मध्ये मधली. वैशाखात तिथे सुरय पाखरांची हजारो अंडी उघड्या जमिनीवर पडलेली असतात, दगडांच्याच रंगाची. पाय ठेवायला जागा शोधावी लागते.

पहिला दिवस जखमा बांधण्यात आणि वाट बघण्यात गेला. रात्रीच्या ओहोटीत काळोखात जायची कोणाची छाती झाली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी कातळ उघडे पडले. आवडूचं दूध आटत आलं होतं. धोंडो म्हणाला, "आता थांबाक नको. सरळ धावत सुटा."

इथे एक गोष्ट सांगायला हवी. गावात रीत होती की मधलीवरची पाखरं एकदम उठून आभाळात फिरत राहिली, तर बेटांवर चांचे उतरले असं समजायचं आणि होड्या परत फिरवायच्या. ही रीत घालून दिली होती खुद्द धोंडो तांडेलाने. पण दीड दिवसाच्या तहानेपुढे त्याला तिचा विसर पडला, म्हणे.

माणसं धावली. पायांखाली अंडी फुटली. आणि सगळं बेट उठल्यासारखी पाखरं उठली. ती डोक्यांवर तुटून पडली. कोणाचं कपाळ फुटलं, कोणी डोळे झाकून खाली बसला. शंभर पावलं गेली नसतील, तोच सगळे माघारी पळाले. थोरलीवर पोचून मागे बघतात तर गावाकडून तीन शिडं येत होती. आवडूचा नवरा शोधायला निघाला होता. त्या शिडांनी आभाळातली पाखरं पाहिली आणि तोंडं वळवली.

तेव्हा धोंडो तांडेलला आपणच घातलेली रीत आठवली. कोणी त्याला बोल लावला नाही, पण कोणी त्याच्याकडे बघितलंही नाही.

तिसऱ्या दिवशी आवडूने लेकीला पदराने पोटाशी बांधलं आणि ती उठली. "मामांनू, आज मी पुढे जातंय. माझो पाय पडात थयच तुमचो पाय पडाक होयो. आणि कोणी बोलाचा नाय."

"एक एक पाऊल बघून टाकशीत तर भरती लागतली गो," धोंडो म्हणाला.

"लागांदे."

ओटी भरून बारीक शिंपले घेऊन ती निघाली. पाऊल टाकण्याआधी जमीन निरखायची, पाऊल उचललं की तिथे शिंपला ठेवायचा. समोर अंडी दिसली की उजवीकडे, तिथेही दिसली की मागे येऊन डावीकडे. पाखरं बसल्या जागी माना वळवून बघत होती. हाताच्या अंतरावर त्यांच्या चोची. मूल रडलं असतं तर सगळी उठली असती, हे आवडूला ठाऊक होतं. आणि मूल कालपासून रडलंच नव्हतं. तिला खरं भय त्याचं होतं.

निम्म्याहून जास्त वाट झाली आणि मागे कुठेतरी कच्चकन आवाज आला. पन्नास-साठ पाखरं ओरडत उठली. रांग थिजली.

"कोणाचो पाय?" धोंडो दबक्या आवाजात म्हणाला.

आवडू वळली. "विचारू नकात. विचारलात तर तो सांगतलो, मगे दुसरो त्याका बोलतलो, आणि रवलेली पाखरा उठतली. मागे फिरा. सगळ्यांनी."

समोर धाकटी दिसत होती. झऱ्याजवळचं हिरवं गवत दिसत होतं. पाणी कातळांवर चढू लागलं होतं. तरी अकराच्या अकरा माणसं शिंपल्या-शिंपल्यांवरून माघारी आली, थोरलीकडच्या कडेला बसली आणि पाखरं एक एक करून खाली उतरेपर्यंत हलली नाहीत. शेवटचं पाखरू अंड्यावर बसलं तेव्हा आवडू पुन्हा उठली.

या खेपेला कोणाचा पाय चुकला नाही. धाकटीच्या कातळावर त्यांना कमरेएवढं पाणी लागलं. एकमेकांचे हात धरून ते पार झाले. आवडू तडक झऱ्याशी गेली, तिने पदराचं टोक भिजवून लेकीच्या ओठांवर पिळलं. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा पोरीने ओठ हलवले आणि असा टाहो फोडला की थोरलीच्या कड्यावरून त्याचा पडसाद आला. सगळ्यांनी दचकून मधलीकडे पाहिलं. असं सांगतात, की त्या टाहोला हजारांतलं एकही पाखरू उठलं नाही. तासाभरात शिडं दिसली आणि ती वळली नाहीत.

त्या वर्षापासून मिठगोळने मधलीवरची अंडी खायला आणणं सोडलं. धोंडो तांडेल पुढे वीस वर्षं जगला. एकदा जेवायला बसता बसता तो म्हणाला, "सूनबाय, त्या दिवशी तो पाय..." आवडूने त्याच्या पानात भात वाढला. "जेवा, मामांनू. थंड होतलो."

आजही मधलीवर रांगेतल्या कोणाचा पाय शिंपल्यांबाहेर पडला, तर वाटाड्या हात वर करतो आणि सगळी रांग माघारी येते. घरटी असोत, नसोत. मागे मंत्र्यांबरोबर आलेली रांगही अशीच परतली होती. थोरलीचा कडा मी स्वतः सात खेपांत तीनदाच पाहिला आहे. उरलेल्या चार खेपांत कोणाचा पाय चुकला ते मला माहीत नाही, आणि परतीच्या होडीत ते कोणी कधी काढलंही नाही.