कंपायलरचं वय

"...मग मला सांगा बाई, खोटं बोलणाऱ्या कंपायलरवर विश्वास तरी कसा ठेवायचा?"

लिहिलेला प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवून देणाऱ्या कंपायलरबद्दल रोशन तांडेल तावातावाने बोलत होता. कॉलेजात एके काळी त्याला प्रोग्राम लिहायला शिकवणाऱ्या दमयंतीबाई पडवीत गोधडीला टाके घालत बसल्या होत्या.

"खोटं काय बोलला?"

"नाव दुसऱ्याचं सांगतो. व्हर्जनही दुसऱ्याचंच, तेही जुनं."

"का सांगतो?"

"जुने प्रोग्राम त्याच नावाला दार उघडतात म्हणून."

"म्हणजे पोटासाठी सांगतो बिचारा."

रोशनला हसू आलं नाही. नारळी पौर्णिमेनंतर होड्या समुद्रात जाणार, त्याआधी वादळाची सूचना देणारं यंत्र प्रत्येक होडीवर बसवायचं होतं. त्यांतली एक होडी त्याच्या काकाची. प्रोग्राम रोशनचाच, आणि त्याचा त्याला कोण अभिमान! पण यंत्र बदललं, तसा कंपायलरही बदलला आणि सगळं फिस्कटलं. व्हर्जन जुनं दिसलं, की याला नवं काही जमणार नाही असं धरून प्रोग्राम जुन्या वाटेने जायचा. ती वाट या यंत्रावर चालतच नव्हती. रोशनने मग एकेका कंपायलरसाठी वेगळी अट घातली. एकाचं जुळवलं, की दुसऱ्याचं बिघडायचं. पोराचा जीव मेटाकुटीला आला होता.

"काका भोळा आहे, बाई. म्हणतो, रोशनचं यंत्र आहे, मला कसली भीती..."

बाईंच्या सुईतला दोरा संपला होता, त्यांनी रिळाचा नवा दोरा तोडला.

"वय काय बाई आता तुमचं?" रोशनने विचारलं.

"एक्क्याऐंशी."

"मग द्या इकडे. या वयात कुठलं दिसणार तुम्हाला."

बाईंनी मुकाट्याने सुई त्याच्या हातात दिली.

रोशनने दोऱ्याचं टोक ओलं केलं, डोळे बारीक केले. दोरा नेढ्याच्या बाजूनेच जाई. पुन्हा ओला केला, पुन्हा तेच...

बाईंनी सुई परत घेतली. एका झटक्यात दोरा ओवला, गाठ मारली आणि गोधडी पुढे ओढली.

रोशन बघतच राहिला. त्याने लॅपटॉप उघडला. व्हर्जन विचारणाऱ्या ओळी एकेक करून पुसून टाकल्या. मग त्याची बोटं थांबली.

"इथं आता त्याला काय विचारू, बाई?"

बाईंनी टाका घातला.

"मला जे विचारलं नाहीस, ते."