आडवी फांदी

"कमी काय आहे माझ्यात, तेवढं सांगा."

इंद्रजित खोपडेनं खांद्यावरची सायकल खाली टेकवली आणि विचारलं.

धाकलू ढेबे वाटेत आडवा पडला होता. उशाला दगड, डोळ्यांवर मुंडाशाचं टोक. डोंगराच्या दांडावर जिथं वाटेला दोन फाटे फुटतात, तिथं डाव्या फाट्याच्या अगदी तोंडाशी.

"बाबा, झोपलात का?"

"न्हाई."

"मग सांगा की."

इंद्रजितनं हेल्मेट काढलं. घाम पुसला. म्हाताऱ्याला उन्हात पडायची हौस आली असेल, असं त्याला वाटलं. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला कोण काय बोलणार.

तेलदांड म्हणजे दोन धरणांच्या मधला उघडाबोडका लांब डोंगर. डाव्या हाताला खाली एक पाणी, उजव्या हाताला दुसरं. मधून हातभर रुंदीची वाट. सायकलवाल्यांना या वाटेनं वेड लावलं होतं. पुण्यामुंबईची माणसं गाडीच्या टपावर सायकली बांधून येत आणि वाऱ्यावर आरोळ्या ठोकत या दांडावरून जात.

वाट सरकारनं केलेली नव्हती. धरण भरलं तेव्हा खालचा रस्ता बुडाला. साहेब आले. म्हणाले, डोंगर सोडा, खाली वसाहतीत या. डोंगरावरच्या वस्तीतल्या ढेब्यांनी मान खाली घालून सगळं ऐकलं. साहेब गेल्यावर पहारी उचलल्या आणि दांडावरून नवी वाट पाडली. तीन उन्हाळे त्यात गेले. वसाहतीत मात्र एकही ढेबे गेला नाही.

म्हणून या वाटेवरून परक्यांना घेऊन जाणारा वाटाड्या कोण, ते धाकलू ठरवत असे. त्यानं वस्तीसमोर नाव घेतलं की वस्तीवरचं प्रत्येक फाटक उघडे. नाव घेतलं नाही, तर माणसाला प्यायला पाणी मिळे, पण पुढं जायला वाट मिळत नसे.

इंद्रजित दीड वर्ष येत होता. स्पर्धा जिंकलेला गडी. वस्तीवर राहिला, भाकरी खाल्ली, दांडाचा दगड न् दगड पाठ केला. रविवारी आठजण त्याच्यामागं येणार होते. त्यानं तसा शब्द देऊन ठेवला होता. आज शुक्रवार होता आणि म्हाताऱ्याच्या तोंडून अजून नाव निघालं नव्हतं.

जेवणं झाल्यावर धाकलू म्हणाला होता, "पाण्यापतुर जा. परत ये. मी मागनं चालत येतो." बस्, एवढंच.

तो गेला होता. दोन्ही फाटे खाली एकाच पाण्याला लागत. डाव्या फाट्यानं खाली उतरला, पाण्यात हात बुडवला, उजव्या फाट्यानं सायकल खांद्यावर घेऊन वर आला. इतक्या लवकर कुणी आलं नसेल.

"डाव्यानं गेलास," धाकलू म्हणाला. डोळ्यांवरचं कापड तसंच.

"हो. जवळचा आहे."

"फांदी व्हती हितं."

"होती."

"कुठं गेली?"

"मध्ये आडवी पडली होती. दिली फेकून."

"कुठं?"

इंद्रजितनं दरीकडं हात केला. म्हाताऱ्यानं पाहिलं नाही, पण त्याला कळलं असावं.

"फांदी आडवी का टाकत्यात, ठावं हाय?"

"आहे. वाट मोडली की टाकतात. दीड वर्ष बघतोय."

"मग?"

"मग काय... मोडली आहेच वाट. वळणाच्या पलीकडं पाच हात कोसळून घळ पडलीय. मी वरून उडी मारून गेलो. चाकाला माती लागली नाही." तो थोडा हसला. "त्या फांदीची गरज उरली नाही, बाबा. वाट जाण्यासारखी आहे. मी जाऊन दाखवलं."

"व्हय."

"आणि टाकली कुणी ती? कुणीतरी मोळीवाली. तिला काय कळतंय उडीतलं?"

"तिला उडीतलं काय बी कळत न्हाई."

"तेच म्हणतो मी."

वारा आला, त्याच्या धोतराचा सोगा उडाला, परत बसला.

इंद्रजितचा संयम सुटत चालला होता. दीड वर्ष हे असंच चाललं होतं. विचारावं एक, उत्तर भलतंच. नाहीतर उत्तरच नाही.

"बाबा, राग मानू नका. तुम्ही आयुष्यात सायकलवर बसलात का?"

"न्हाई बसलो."

"मग मी वाटाड्या व्हायच्या लायक आहे की नाही, हे तुम्ही कसं ठरवणार?"

"आडवं पडून."

"उठा आता."

"न्हाई."

"नाव घेणार आहात का नाही?"

धाकलूनं मुंडाशाचं टोक डोळ्यांवर आणखी खाली ओढलं.

"नका घेऊ. रविवारी मी आठजणांना आणणारच. वाट तुमच्या एकट्याची नाही."

"न्हाईच."

"डाव्या फाट्यानं नेईन. उडी जमेल त्यांनी मारावी, नाही जमणार त्यांनी चालत उजवीकडून यावं."

"ने की. आत्ताच जा. मला वलांडून."

"जाईन."

"जा."

इंद्रजितनं हेल्मेट डोक्यावर आदळलं, पट्टा लावला. सायकल वळवून वीस-पंचवीस पावलं मागं गेला. तिथून म्हातारा वाटेवर टाकलेल्या घोंगडीच्या गुंडाळीसारखा दिसत होता. त्याच्यापेक्षा मोठे दगड त्यानं शंभर वेळा उडून पार केले होते. त्यानं पॅडलवर पाय दिला आणि सुटला. सायकल आवाज करत आली, खडी उडाली. पुढचं चाक उचलायची जागा आली...

त्यानं दोन्ही ब्रेक आवळले.

सायकल घसरत, तिरकी होत थांबली. टायर आणि म्हाताऱ्याच्या बरगड्या, मध्ये वीतभर जागा उरली. धूळ धाकलूच्या तोंडावर बसली. तो खोकला. हलला मात्र नाही.

"तुझी उडी चुकती का रं?" त्यानं विचारलं.

"नाही."

"कवाच न्हाई?"

"या उंचीला नाही."

"घळीवर थांबला न्हाईस."

"नाही."

"मग हितं का थांबलास?"

इंद्रजितनं तोंड उघडलं. "घळ वेगळी, बाबा. इथं तर माणूस..." त्याला स्वतःचा राग आला, म्हाताऱ्याचा त्याहून जास्त आला.

तेवढ्यात वरून बोलणं ऐकू आलं.

वस्तीवरच्या बाया येत होत्या. सहाजणी, डोक्यावर वाळक्या लाकडांचे भारे. खाली लाँचच्या धक्क्यापाशी चहावाल्यांना लाकूड घालायचं आणि दिवस बुडायच्या आत परतायचं, हा त्यांचा रोजचा फेरा. सगळ्यांत पुढं बायजाक्का, धाकलूची थोरली बहीण. पाठ ताठ, मान ताठ, नजर समोर. डोक्यावर भारा असला की पायाखालचं दिसत नाही. खाली बघायला गेलं तर भारा जातो.

आणि ती सरळ डाव्या फाट्याकडं चालली होती. तोच जवळचा. पायाला फांदी लागली तरच वळायचं, हा वस्तीचा रिवाज.

"आक्का..." इंद्रजित ओरडणार होता.

"गप," धाकलू म्हणाला. "तू रोज उभा राहनार हाईस का हितं?"

बायजाक्काची नडगी धाकलूच्या कुशीला लागली. ती जागच्या जागी थांबली. मागच्या पाचजणी थांबल्या. तिनं मान वाकवली नाही. पायानंच चाचपून बघितलं.

"फांदी न्हाई ही."

"न्हाई."

"कोन पडलंय?"

"धाकल्या."

"मेलास का काय?"

"न्हाई अजून."

"दारू प्यालास?"

"न्हाई."

"मग वाट मोडलेलीच हाय म्हन की अजून."

"हाय."

"मग पड तसाच. हलू नगंस." तिनं पाऊल मागं घेतलं आणि उजव्या फाट्याला वळली. जाता जाता म्हणाली, "त्या सायकलवाल्याला म्हनावं, ती फांदी मी टाकल्याली. लांबनं वढत आनली. जांभळीची व्हती."

मागच्या पाचजणी एकीमागं एक वळल्या. एकीनंही खाली पाहिलं नाही. एकीचा पदर इंद्रजितच्या हँडलला अडकला, तिनं हिसका देऊन सोडवला आणि गेली. लाकडांचा वास तेवढा राहिला.

इंद्रजित डाव्या फाट्याकडं बघत उभा राहिला. वाट वीस पावलं सरळ जाऊन कातळाआड वळत होती. इथून घळ दिसत नव्हती. त्यालाही ती वळल्यावरच दिसली होती, आणि तेव्हा चाकाला वेग होता. डोक्यावर भारा नव्हता.

"मी फांदी आणतो," तो म्हणाला.

"आन. दांडावर झाड न्हाई. खाली रानात जायला लागंल. जायला अर्धा तास, वढत वर आनायला तास."

"तोवर तुम्ही?"

"मी हाय की पडलेला."

"ऊन बघा किती आहे."

"दिसतंय मला."

"मी बसतो इथं. तुम्ही घरी जा."

"बसल्याला मानूस मुतायला उठतो."

इंद्रजितला हसू यायला हवं होतं. आलं नाही. त्यानं दात आवळले. म्हातारा पाहिजे ते करून घेणार, पण तोंडानं सांगणार नाही. दीड वर्षात हे एवढं त्याला नक्की कळलं होतं.

त्यानं सायकलीकडं पाहिलं. ही सायकल त्यानं भावालाही कधी हात लावू दिली नव्हती. रात्री खोलीत, स्वतःच्या बिछान्याशेजारी ठेवायचा. चाकाची तार न् तार स्वतः ताणलेली.

"उठा," तो म्हणाला. आवाज चढला होता. "उठा म्हणतो ना."

"कशाला?"

त्यानं सायकल उचलली आणि म्हाताऱ्याच्या शेजारी, वाटेच्या मधोमध आडवी टाकली. ठेवली नाही, टाकली. हँडल दगडावर आपटलं. रंगाचा टवका उडाला.

"ही घ्या तुमची फांदी. झालं समाधान?"

धाकलूनं आता तोंडावरचं कापड काढलं. कोपरावर टेकून उठला. पाठ चोळली. गुडघ्यावर हात ठेवून उभा राहिला आणि सायकलीभोवती एक फेरी मारली. बैल बघावा तसा.

"चाक वर राह्यलंय," तो म्हणाला. "गुडघ्याला लागलं तर बाई पडंल. नडगीला लागलं पायजे. जरा पालथी कर."

इंद्रजितनं वाकून सायकल फिरवली. पुढचं चाक वळवून जमिनीसपाट केलं.

"आनी थोडी मागं."

त्यानं मागं सरकवली.

"आता बरं हाय."

खाली पाण्यावर लाँचचा भोंगा वाजला. बाया अजून उतरतच असाव्यात.

"उद्या सकाळी फांदी आणतो आणि ही घेऊन जातो," इंद्रजित म्हणाला.

"न्हाई."

"म्हणजे?"

"आडवी पडल्याली चीज बदलत न्हाईत. वाट बांधली की उचलायची. त्याआधी न्हाई."

"पाच हात वाट... दगड रचायला आठवडा लागेल."

"धा दिस. तुझं हात मऊ हाईत."

इंद्रजितनं त्याच्याकडं रोखून पाहिलं. म्हाताऱ्यानं नजर हलवली नाही. सायकल उचलावी, खांद्यावर टाकावी आणि परत या डोंगरावर पाऊल ठेवू नये. कुणी अडवणार नव्हतं. त्यानं हात पुढं केलाही. सीटपर्यंत गेला... मग तिथल्या तिथं मूठ झाली आणि हात परत आला.

"पहार कुठं आहे?" त्यानं विचारलं.

"घराच्या वळचनीला."

धाकलूनं मुंडासं झटकून बांधलं आणि वस्तीच्या दिशेनं चालू लागला. इंद्रजित त्याच्या मागं. डोक्यावर हेल्मेट तसंच होतं. सायकलीशिवाय ते घालून चालताना त्याला कसंतरीच वाटलं, पण काढायचं सुचलं नाही.

पहिलं फाटक आलं तेव्हा तो थांबला.

"बाबा, रविवारी ते आठजण येतील. सायकली घेऊन. मी त्यांना काय सांगू?"

धाकलूनं फाटक उघडलं. मागं न बघता म्हणाला, "सांग, वाटाड्या चालत येनार हाय."