गिरणीनं खाल्लेली वीज

कवठीच्या हौसाक्कांचं मोटार वाइंडिंगचं दुकान होतं. त्यांनी दुकानाच्या छपरावर सोलर बसवलं, उरलेली वीज तारेत सोडायला सुरुवात केली, तोच वीज कंपनीचे दाभोळे साहेब नोटीस घेऊन हजर!

चावडीसमोर अख्खा गाव गोळा झाला. साहेब खुर्चीत रेलून म्हणाले, "बाई, तुमची वीज आमच्या तारेवरून बावीस किलोमीटर लांब सबस्टेशनला जाते. तेवढ्या तारेचं भाडं भरा, नाहीतर उद्या कनेक्शन तोडतो!"

"भरते की! पण आधी आमच्या गल्लीच्या ट्रान्सफॉर्मरपाशी चला."

गाव धावतच निघाला. अक्कांच्या शेजारची पिठाची गिरणी धडधडत होती. साहेबांच्या वायरमनने ट्रान्सफॉर्मरच्या तारेला करंट मोजायचा चिमटा लावला. गल्लीकडे येणाऱ्या विजेचा आकडा आला बारा अँपिअर. अक्कांनी दुकानात जाऊन सोलर बंद केलं, आकडा टुणकन तीसवर! पुन्हा चालू केलं, परत बारा!

"बघितलंत? माझी वीज या ट्रान्सफॉर्मरपर्यंतसुद्धा येत नाही. तीस फुटांवरची गिरणीच ती खाऊन टाकते!"

साहेब चाचरले, "पण रात्री तर तुम्ही आमचीच तार..."

"रात्रीचं भाडं घ्याच. दिवसाचं तीस फुटांचंही घ्या. पण गिरणीसाठी बावीस किलोमीटरवरून वीज आणायचा तुमचा त्रास मी वाचवला, त्याचं भाडं मला कधी देताय?"

पहिली टाळी वाजली ती साहेबांच्याच वायरमनची.