नावावाचून राहिलेली शेवंती

वर्षे मोजत बसायची कुणाला गरज पडत नसे, अशा फार जुन्या काळातली ही गोष्ट. लहानांनी ऐकावी, आणि थोरांनी जरा जास्तच लक्ष देऊन ऐकावी.

एका गावात केरबा नावाचा माळी राहत होता. एका शेवंतीचा पराग दुसरीवर झटकायचा, बी धरायचे, पेरायचे आणि काय उगवते ते पाहायचे, हा त्याचा नाद. कितीतरी वर्षांच्या खटाटोपानंतर त्याच्या बागेत एक नवीच शेवंती फुलली. पाकळ्या वरून पिवळ्याधमक, पोटातून तांबूस, आणि वास असा, की रस्त्याने जाणारे थबकत.

गाव कुंपणाशी जमले. जो तो म्हणाला, "केरबा, आम्हालाही एक फुटवा दे रे."

केरबा म्हणाला, "देईन की! आधी तिला साजेसं नाव मिळू दे. नाव ठेवल्याशिवाय ती कुंपणाबाहेर जायची नाही."

लोकांना ते पटले. ज्याला जे सुचेल ते नाव घेऊन तो येऊ लागला.

शेजारची कुंभारीण म्हणाली, "हळदुली म्हण."

"हळद काय, कुणाच्याही चुलीपाशी असते," केरबा म्हणाला.

पाटलांनी सुचवले, "चंद्रा."

"पाटील, तुमच्या म्हशीचं नाव चंद्राच आहे."

पाटील रागावून गेले, ते पुन्हा फिरकले नाहीत. मग देवळातल्या शास्त्रीबुवांनी 'पीतारुणा' असे भारदस्त नाव दिले. ते केरबाला फार आवडले. पण संध्याकाळपर्यंतच! "लोकांच्या तोंडी तिचं पितळ होईल," म्हणत त्याने तेही सोडून दिले.

शेवटी त्याची बायको ठकूबाई म्हणाली, "अहो, सूर्य मावळताना आभाळ असंच तर दिसतं. सांजी म्हणा."

केरबाने मान डोलावली. "चांगलं आहे. खरंच चांगलं आहे. पण याहून चांगलं सुचेल."

आता काय म्हणावे या माणसाला! ठकूबाईने कपाळावर हात मारला. "अहो, आपल्या पोरांची बारशी बाराव्या दिवशी उरकली. तेव्हा कुठे गेला होता हा चोखंदळपणा?"

केरबाला ते ऐकूच गेले नाही. तो झाडापाशी बसून पुटपुटत होता.

दिवस गेले. फुले सुकली, पुन्हा कळ्या आल्या, तरी नाव ठरेना. लोक विचारून विचारून थकले. मग विचारायचेच थांबले.

अशात कुंभारणीच्या यमूचे लग्न झाले. सासर डोंगरापलीकडे, लांब. निघायच्या आदल्या दिवशी ती केरबाकडे आली. "काका, एक फुटवा द्या ना. सासरी माहेरचं काहीतरी असावं असं वाटतं."

"देईन गं पोरी, पण नाव..."

यमूचे डोळे भरून आले. ते पाहून मात्र ठकूबाईचा संयम संपला. तिने पदर खोचला, खुरपे घेतले, नवऱ्यादेखत मुळासकट फुटवा काढला आणि ओल्या फडक्यात बांधून यमूच्या हातात ठेवला.

"काकू, कुणी नाव विचारलं तर काय सांगू?"

"ते तुझ्या काकांना विचार. मला मेलीला विचारू नकोस!"

यमूने काकांकडे पाहिले. काका विचारात पडले. ती तशीच निघून गेली.

पुढे एका वर्षी पाऊस हटेचना. बागेत पाणी साचून राहिले, मुळे कुजली, आणि केरबाची शेवंती एकूण एक मेली. गावात दुसऱ्या कुणाकडे रोप असते तर वाचले असते. पण कुणाकडे असणार?

केरबा चिखलात बसून रडला. ठकूबाईने त्याला उठवले. "रडून काय होणार? यमूच्या गावाला जा."

केरबा डोंगर ओलांडून गेला. गावात शिरला आणि पाहतच राहिला. दारोदारी त्याची शेवंती फुलली होती. देवळात तिच्याच माळा, बायकांच्या अंबाड्यात तीच फुले. त्याला हुंदका आवरेना. ओट्यावर बसलेल्या एका म्हातारीला त्याने विचारले, "आजी, या शेवंतीला काय म्हणतात?"

"हिला होय? पोरकी."

"पोरकी?"

"कुंभाराच्या सुनेनं माहेराहून आणली. नाव विचारलं, तर म्हणाली, बापानं ठेवलंच नाही. मग काय म्हणायचं? पोरकी!"

"अहो, बाप जिवंत आहे तिचा!" केरबा कळवळून म्हणाला. "सांजी म्हणा हिला. सांजी!"

"नाव गोड आहे हो," म्हातारी म्हणाली, "पण फार उशीर झाला. आता पोरंसोरंसुद्धा पोरकीच म्हणतात. तुम्हाला हवा का फुटवा?"

केरबाने मान खाली घातली. "हवाय."

"कशाचा?" खाली मानेने पुटपुटलेले म्हातारीला नीट ऐकू आले नव्हते.

त्याने मोठ्याने सांगितले, "पोरकीचा."

तात्पर्य : याहून चांगले मिळेल म्हणून जो हातचे चांगले नाकारत राहतो, त्याला शेवटी जे मिळेल ते पत्करावे लागते.