नानकटाई गार होईपर्यंत

एका गावात एक तूपवाली राहायची. तिच्या म्हशींचं तूप रवाळ आणि वासाला इतकं खमंग, की बाजाराच्या दिवशी लोक तिची वाट बघत थांबायचे. पण तिचा स्वभाव फार संशयी. तुपाच्या बरणीवर ती बाहेरून खडूची रेघ ओढून ठेवायची. घरातून बाहेर पडताना एकदा बघायची, परत आल्यावर पुन्हा बघायची. तूप रेघेवरच असायचं. तरी तिच्या मनात यायचं, रेघच कुणी खाली सरकवली नसेल कशावरून?

त्या गावात एक रीत होती. दिवाळी जवळ आली की घरचं पीठ, तूप आणि साखर भट्टीवर न्यायची आणि भट्टीवाल्या चाचांकडून नानकटाई करून घ्यायची. बाकीच्या बायका सामान देऊन घरी जायच्या. तूपवाली मात्र परातीशेजारी ठाण मांडून बसायची. चाचांचा हात तुपात गेला की तिचे डोळे त्या हाताबरोबर जायचे. ताट भट्टीच्या तोंडात सरकलं की मगच ती उठायची. संध्याकाळी तयार डबा घरी यायचा.

तिला गोजरा नावाची एकच मुलगी होती. तिला तूपवालीने शाळेत घातलं होतं, कारण तिला वाटायचं, मुलीला वाचता आलं तर तिला कुणी फसवणार नाही. तूपवालीला स्वतःला बाजारातल्या पाट्या वाचण्यापुरती अक्षरं येत होती.

शाळेतल्या बाई नव्याच आल्या होत्या. त्यांच्या लक्षात आलं, की मुलं धडा घडाघडा वाचतात, पण काय वाचलं असं विचारलं की एकमेकांकडे बघतात. बाईंनी खूप विचार केला. मग एक दिवस त्यांनी धडा बाजूला ठेवला आणि फळ्यावर नानकटाईची कृती लिहिली. त्या मुलांना म्हणाल्या, धड्यातलं कळलं नाही तर कुणाला पत्ता लागत नाही, पण हे कळलं नाही तर जीभ लगेच सांगेल. प्रत्येकाने घरून काहीतरी आणायचं ठरलं. कुणी पीठ, कुणी साखर, कुणी वेलदोडे. गोजराच्या वाट्याला आलं वाटीभर तूप.

तूपवालीने वाटी भरून दिली खरी, पण देताना विचारलं, ''नानकटाई कधी मिळणार?''

''सगळ्यांना वाचलेलं कळलं की,'' गोजरा म्हणाली.

हे उत्तर तूपवालीला पटलं नाही. दुसऱ्या दिवशी मुलगी शाळेतून आली, तर आधी तिच्या हातांचा वास घेतला. तुपाचा नाही, खडूचा वास होता.

''काय केलंत आज?''

''कृती वाचली.''

''काल काय केलं होतं?''

''कृतीच वाचली होती.''

''मग आज परत कशाला? अक्षरं बदलली का रात्रीत?''

गोजरा हसली. ''बाईंनी विचारलं, पीठ चाळायला का सांगितलंय, आणि नाही चाळलं तर काय होईल? कुणालाच सांगता येईना. मग परत वाचावं लागलं.''

असे बरेच दिवस गेले. मुलं रोज वाचत होती. तूप आधी का साखर आधी, 'हलके होईपर्यंत' म्हणजे कसं ओळखायचं, यावर मधल्या सुट्टीतसुद्धा भांडत होती. सामान मात्र शाळेच्या कपाटात होतं आणि मांजर येतं म्हणून बाईंनी कपाटाला कुलूप लावलं होतं. त्या कुलपाचं ऐकलं तेव्हा तूपवालीला जेवण गेलं नाही. तिला वाटलं, मांजर दुधाला येतं, पिठाला कधीपासून यायला लागलं? बाई एकट्याच राहतात, त्यांच्या पोळीवर रोज किती तूप पडतं हे कोण बघायला जातंय?

शेवटी न राहवून ती शाळेच्या खिडकीशी जाऊन उभी राहिली. आत बाई फळ्यासमोर उभ्या होत्या. फळ्याचा खालचा भाग त्यांच्यामागे झाकला गेला होता. वरच्या ओळी तूपवालीने ओठ हलवत हलवत वाचल्या. एका ओळीशी तिचे ओठ थांबले. 'वाटीतले थोडे तूप बाजूला काढून ठेवावे.'

त्याच्या खाली अजून ओळी होत्या. बाई जरा बाजूला झाल्या असत्या तर त्या दिसल्या असत्या. पण तूपवाली थांबतेय कशाला? तिला हवं ते मिळालं होतं.

ती तिथून तडक पिठाच्या गिरणीवर गेली. तिथे नेहमीप्रमाणे दळणाची रांग होती. तूपवाली मोठ्याने काही बोलली नाही. नुसतं शेजारणीच्या कानाशी लागून म्हणाली, की आपल्या घरातलं तूप बाजूला काढायचं असं त्या बाई उघडउघड फळ्यावर लिहितात, आणि तेही मुलांच्या हातून करवून घेतात. शेजारणीने ते पुढे सांगितलं. पुढचीने त्यात साखर घातली, तिच्या पुढचीने वेलदोडे. दळण संपेपर्यंत बाईंचं अख्खं घर गावाच्या सामानावर चाललं आहे असं ठरून गेलं. रांगेतली एक बाई दुसऱ्या दिवशी शेजारच्या गावी माहेरी निघाली होती. जाताना ती ही गोष्टही बरोबर घेऊन गेली.

प्रकरण पाटलांकडे गेलं. पाटलांनी बाईंना बोलावून घेतलं. ते म्हणाले, सगळं सामान भट्टीवर आणा आणि गावासमोर नानकटाई करून दाखवा. काही कमी निघालं तर शाळेला दुसऱ्या बाई बघू आणि बाई मिळेपर्यंत शाळा बंद. गोजरा दाराशी उभी राहून ऐकत होती. तिचा चेहरा उतरला. शाळेत आत्ता कुठे तिला अक्षरांच्या मागे काहीतरी दिसायला लागलं होतं.

बाई एवढंच म्हणाल्या, ''नानकटाई मुलं करतील. मी हात लावणार नाही.''

''हात लावणारच नाहीत त्या,'' तूपवाली घरी येताना पुटपुटली. ''लावायचा तो आधीच लावून झालाय.''

दुसऱ्या दिवशी भट्टीपाशी सारा गाव लोटला. तूपवाली परातीशेजारी आपल्या नेहमीच्या जागी बसली. मुलांनी पीठ चाळलं. तूप आणि साखर फेसली. त्याआधी गोजराने वाटीतलं थोडं तूप एका वेगळ्या वाटीत काढलं, तेव्हा तूपवालीने पाटलांकडे बघून मान हलवली. पाटलांनीही ती वाटी बघून ठेवली. मग थोडं थोडं पीठ घालत मुलांनी गोळा मळला. तो छान वळला. चपट्या गोल नानकटाया दोन ताटांत मांडल्या आणि चाचांनी ताटं भट्टीत सरकवली.

थोड्या वेळाने चाचांनी ताटं बाहेर काढली. वास असा सुटला की मागे उभी असलेली माणसं पुढे सरकली. तूपवाली सगळ्यांच्या आधी पुढे झाली आणि तिने एका नानकटाईवर बोट दाबलं. बोट आत गेलं. नानकटाई दबली आणि तिचा भुगा झाला.

आता खरी गोष्ट अशी, की गावात गरम नानकटाईला आजवर कुणी हात लावलाच नव्हता. सगळ्यांच्या घरी जायचा तो संध्याकाळचा गार डबा.

''बघा,'' तूपवाली म्हणाली. ''मऊ गोळा आहे. तूप नाही, काही नाही. कच्चं पीठ नुसतं.''

चाचा म्हणाले, ''भाभी, जरा गार होऊ द्या.''

''गार होईपर्यंत लोक घरी जातील, हेच हवंय ना तुम्हाला? तुम्ही आणि बाई आतून एकच आहात.''

इतकी वर्षं ती परातीशेजारी का बसत होती, हे चाचांना त्या दिवशी स्पष्ट कळलं. पाटलांनीही बोट लावून बघितलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. बाई काही बोलायला पुढे झाल्या, तर पाटलांनी हातानेच त्यांना थांबवलं. ते म्हणाले, कच्ची असेल तर परत भट्टीत घाला. पहिलं ताट तूपवालीने स्वतःच्या हाताने भट्टीत ढकललं. दुसऱ्या ताटाला हात घालणार, तेवढ्यात गोजरा मध्ये आली.

''हे मी देणार नाही.''

''बाजूला हो गोजरे. लोक बघतायत.''

''आई, तुला मी शाळेच्या खिडकीशी पाहिलं होतं. फळ्यावरचं किती वाचलंस?''

''पाहिजे तेवढं वाचलं.''

''त्याच्या खाली पण लिहिलंय,'' गोजरा म्हणाली. ताटावरचे तिचे हात हलले नाहीत. ''भट्टीतून काढल्यावर नानकटाई मऊ लागते, ती कच्ची नसते, गार होईपर्यंत हात लावू नये. ही ओळ कशाला लिहिली असेल, असं बाईंनी विचारलं होतं. आम्ही दोन दिवस विचार केला. मग मला सुचलं. ज्याने लिहिलं त्याला ठाऊक होतं, की कुणीतरी घाई करणार.''

पाटलांनी खांद्यावरचं उपरणं झटकलं, खाली बसले आणि म्हणाले, ''थांबू या.''

सगळे थांबले. थांबणं सोपं नव्हतं. लोक एकदा ताटाकडे बघत, एकदा बाईंकडे, आणि नजरानजर झाली की तिसरीकडेच बघत. तूपवालीचे डोळे गोजराच्या हातांवर होते. आपलीच मुलगी बाईंना सामील झाली की काय, असंही तिच्या मनात येऊन गेलं. मग भट्टीतून करपल्याचा वास आला. चाचांनी धावत जाऊन पहिलं ताट बाहेर ओढलं. त्यातल्या नानकटाया कोळशासारख्या काळ्या झाल्या होत्या.

तोवर दुसरं ताट गार झालं होतं. गोजराने एक नानकटाई उचलून आईसमोर धरली. तूपवालीने ती मोडली. कट्कन आवाज झाला, तो मागच्या माणसांनाही ऐकू गेला. तिने तुकडा तोंडात टाकला. आपल्या म्हशींचं तूप तिने कुठेही ओळखलं असतं. ते सगळं त्यात होतं.

मागून कुणीतरी हसून म्हणालं, ''काकू, गप्प का? आता सांगा, कच्ची आहे का?''

गोजराने बाजूला ठेवलेली ती वाटी उचलली आणि आईच्या हातात दिली. म्हणाली, ''गोळा वळत नसेल तरच हे घालायचं होतं. लागलं नाही. आणि लागलं नाही तर ज्याचं त्याला परत द्यावं, असंही लिहिलंय. ती ओळ बाईंनी स्वतःच्या मनाने घातली होती.''

पाटलांनी सगळ्यांसमोर बाईंची माफी मागितली. शाळा चालू राहिली. नानकटाई मात्र अर्ध्याच मुलांना मिळाली.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर तूपवाली वर्गात आली. बाई फळा पुसायला उठल्या होत्या. तिला बघून त्यांनी विचारलं, ''पुसू का?''

''थोडं थांबा,'' तूपवाली म्हणाली. ''माझं वाचून व्हायचंय.''

बाई बाजूला झाल्या. तूपवालीने ओळीवर बोट ठेवत, अडखळत, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत सगळं वाचलं. मग ती चाचांकडे गेली. ती भट्टीपाशी उभीच राहिली, तेव्हा चाचांनीच तिला बसायला पाट दिला. या वेळी तो परातीपासून लांब होता.

त्यानंतर ती गिरणीवर गेली, आणि गावात जिथे जिथे गोष्ट पोहोचली होती तिथे दारोदारी गेली. प्रत्येक ठिकाणी तिने राहिलेल्या ओळी सांगितल्या. काहींनी नीट ऐकल्या. काहींनी अर्ध्या ऐकून दळणाची पिशवी उचलली, कारण या ओळींत आधीच्यासारखी चव नव्हती. शेजारच्या गावात माहेरी गेलेली ती बाई तर तिथेच राहिली होती. त्या गावात आजही कुणी सांगतं, की पलीकडच्या शाळेत एक बाई होत्या, त्या मुलांचं तूप बाजूला काढून ठेवायच्या.

तात्पर्य: अर्धं वाचून उरलेलं आपल्या मनाने भरलं, तर कागदावर दिसतो तो आपलाच संशय. म्हणून मजकूर असो की माणूस, शेवटच्या ओळीपर्यंत वाचावं आणि गार होईपर्यंत थांबावं, मगच बोट ठेवावं.